पंडिता रमाबाई आणि केडगावच्या मुली

ह्या वर्षीच्या स्मरणिकेत एखाद्या थोर स्त्रीचे चरित्र माझ्याकडून यावे, असे चिटणीसबाईंनी सांगितले तेव्हा मी आधी नकोच म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. हळदीकुंकवाच्या याद्या आणि भिशीचा हिशेब यापलीकडे लिहिण्याची सवय नाही. पण गेल्या श्रावणातल्या सभेत आपल्या मंडळात जो वाद झाला, तो सर्व भगिनींना आठवत असेल. जमलेल्या वर्गणीतून शिवण, वाकळा, पापड-कुरडया यांचा वर्ग काढावा, वाईट दिवस आले तर हाताशी काही असावे, असे निम्म्या जणींचे म्हणणे होते. ही कामे आता यंत्रे करतात, मुलींना संगणक शिकवा, असे बाकीच्यांचे. मी त्या दिवशी गप्पच बसले. घरी आल्यावर मात्र पूर्वी वाचलेले पंडिता रमाबाईंचे चरित्र पुन्हा मिळवून वाचले. रमाबाईंची विद्वत्ता सर्वांना ठाऊक आहे. त्यांनी शेकडो मुलींच्या हातांना काम शिकविले, ते मात्र आपल्याकडे फारसे कोणी सांगत नाही.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा, पश्चिम घाटातल्या गंगामूळच्या रानातला. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान. बायकांनी संस्कृत शिकणे त्या काळी पाप समजत, पण शास्त्रीबोवांनी आपल्या पत्नीला, लक्ष्मीबाईंना, ते शिकविले आणि त्यापायी लोकांचा रोष पत्करला. पुढे रानातल्या आश्रमाचा खर्च झेपेना, तेव्हा सारे कुटुंब तीर्थयात्रेला निघाले. रमाबाई त्या वेळी तान्ह्या होत्या. मोठ्या झाल्यावर आई त्यांना भल्या पहाटे उठवून श्लोक सांगे. असे करता करता बाराव्या वर्षापर्यंत भागवताचे अठरा हजार श्लोक त्यांना मुखोद्गत झाले. देवळात बसून पुराण सांगायचे आणि लोक श्रद्धेने देतील त्यावर राहायचे, असा ह्या कुटुंबाचा नेम होता. मुलांना संसारातले कोणतेही काम शिकविलेले नव्हते. अंगमेहनत करणे आपल्या कुळाला शोभत नाही, अशीच समजूत होती.

मग १८७४ च्या सुमारास मद्रासकडच्या मुलखात दुष्काळ पडला. लोकच उपाशी, तर पुराण ऐकून दक्षिणा कोण देणार? होते नव्हते ते दागिने, चांगली वस्त्रे, चांदीची व तांब्यापितळेची भांडी विकली गेली. त्यातलाही पैसा शास्त्रीबोवांनी देव पावावा म्हणून दानधर्मात घातला. शेवटी ही माणसे व्यंकटगिरीच्या रानात शिरली आणि अकरा दिवस पाणी, पाला आणि रानातली फळे यांवर राहिली. शास्त्रीबोवांची दृष्टी तेव्हा गेलेली होती. त्यांनी तळ्यात जलसमाधी घेण्याचे ठरविले. तेव्हा थोरला मुलगा श्रीनिवास पुढे झाला. कुळाचा अभिमान बाजूला ठेवून आपण मजुरी करू आणि आईबापांना पोसू, असे त्याने सांगितले. शास्त्रीबोवांचा बेत राहिला, पण उशीर झाला होता. थोड्याच दिवसांत ते गेले. त्यांच्यामागून काही काळात लक्ष्मीबाई गेल्या, मग थोरली बहीण कृष्णाबाई.

आईच्या मरणाची हकिकत वाचताना माझे हात थांबले. तिरडीला खांदा द्यायला माणसे मिळेनात. दोन ब्राह्मणांना कशीबशी दया आली, तिसरा श्रीनिवास, आणि चौथ्या रमाबाई. स्मशान सुमारे तीन मैल लांब. रमाबाई अंगाने ठेंगण्या, त्यांचा खांदा पुरेना, म्हणून आपल्या बाजूचा भार त्यांनी डोक्यावर घेतला. तेव्हा त्यांचे वय सोळाच्या आसपास.

एक गोष्ट मला कबूल केली पाहिजे. मी जन्मभर हळहळत आले की सातवीनंतर माझी शाळा सुटली, शिकले असते तर कुठल्या कुठे गेले असते. आणि येथे अठरा हजार श्लोक पाठ असलेली मुलगी भाकरीवाचून राहिली. हा दोष विद्येचा नव्हे. पण आपल्याला कोणतेच काम येत नव्हते आणि काम करण्याची लाज वाटत होती, हे पुढे रमाबाईंनीच आपल्या आयुष्याची हकिकत सांगताना मोकळेपणाने लिहून ठेवले आहे.

बहीणभाऊ पायी हिंडत उत्तरेकडे गेले. पंजाबात झेलमच्या काठी थंडी सोसेना, तर वाळूत खड्डे खणून, गळ्यापर्यंत वाळू ओढून रात्र काढली. कधी मूठभर दाणे पाण्यात भिजवून मीठ लावून खाल्ले. १८७८ त दोघे कलकत्त्यास पोचली, आणि तेथल्या विद्वानांनी रमाबाईंची परीक्षा घेऊन त्यांना पंडिता व सरस्वती ह्या पदव्या दिल्या. १८८० त भाऊ गेला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी ह्या बंगाली वकिलांशी त्यांनी लग्न केले. मुलगी मनोरमा झाली आणि १८८२ त पती पटकीने गेले. चोवीस वर्षे पुरी होण्याआधीच वैधव्य आले.

त्या पुण्यास आल्या, आर्य महिला समाज काढला, हंटर कमिशनपुढे स्त्रियांच्या शिक्षणाची बाजू मांडली. १८८३ त इंग्लंडला गेल्या आणि तेथे त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. ह्या कारणाने आपल्याकडे पुष्कळ घरांत त्यांचे नाव घेत नसत. आमच्या सासूबाईंनाही ते रुचत नसे. धर्म बदलणे मला स्वतःला जमले नसते, पटतही नाही. पण ज्या बाईने एवढे सोसले तिच्या मनाचा न्याय करणारी मी कोण? परदेशातसुद्धा त्यांनी शाकाहार सोडला नाही, आणि पुढे जन्मभर साधे पांढरे सुती लुगडेच नेसल्या, हेही सांगितले पाहिजे.

१८८६ त आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या, त्या समारंभासाठी रमाबाई अमेरिकेस गेल्या आणि तेथे राहून बालवाडीची पद्धत शिकल्या. बॉस्टनमध्ये त्यांच्या कार्यासाठी एक संस्था निघाली व तिने दहा वर्षे पैसे पुरविण्याचे कबूल केले. परत आल्यावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईस शारदा सदन निघाले. अण्णासाहेब कर्व्यांच्या पत्नी बाया कर्वे ह्या पूर्वीच्या गोदूबाई जोशी, शारदा सदनातच शिकलेल्या. पुढच्या वर्षी सदन पुण्यास गेले. मुलींना ख्रिस्ती करतात असा गवगवा होऊन १८९३ त पालकांनी पुष्कळ मुली काढून नेल्या. त्या भांडणावर फार लिहिले गेले आहे, मी ते उकरीत नाही.

मला महत्त्वाचे वाटते ते पुढचे. अमेरिकेची मदत दहा वर्षांची, ती कधीतरी संपणार, हे रमाबाईंनी आधीच ओळखले. म्हणून पुण्याच्या पूर्वेला केडगावास त्यांनी सुमारे शंभर एकर जमीन घेतली, विहिरी खणल्या, फळझाडे लावली. संस्थेने आपले आपण पिकवून खावे, हा हेतू. सदन भरलेले असतानाच ही तयारी चालली होती. एकदा उपासमार भोगलेल्या माणसालाच असे सुचते.

आणि १८९६ त मध्य प्रांतात दुष्काळ आलाच. रमाबाई स्वतः तेथे गेल्या. दुष्काळी छावण्यांत पोरक्या मुली, तरुण विधवा यांचे काय हाल होत आणि कसली माणसे त्यांना फूस लावून नेत, ते त्यांनी पाहिले. जवळ पैसा बेताचा, तरी सुमारे तीनशे मुली त्यांनी आणल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध, म्हणून त्यांना केडगावास नेले, आणि पक्की घरे होईपर्यंत झोपड्या व तंबू यांत ठेवले. हाडांचे सापळे, अंगावर फोड, डोक्यात उवा, अन्न दिसले की ओरबाडण्याची सवय. ह्यांतून मुक्ती सदन उभे राहिले. १८९९-१९०० मध्ये गुजरात व राजपुताना येथे दुष्काळ पडला, तेव्हा तेथूनही मुली आणल्या आणि केडगावची वस्ती दोन हजारांच्या घरात गेली.

दोन हजार तोंडे! आपण लग्नात पाचशे पाने वाढायची तर आठ दिवस झोपत नाही. तेथे हे रोज दोन वेळा, आणि काम करणाऱ्या सगळ्या बायकाच. मुली शेतात पेरीत, बाग शिंपीत, गाईम्हशींचे दूध काढीत. तेलाचा घाणा सदनातच होता. कपडे धुण्याचे खाते वेगळे, पाव भाजण्याचे वेगळे. शिवण, भरतकाम होते आणि हातमाग होते. अंगावरचे कापड त्या तेथेच विणीत. आंधळ्या मुलींनासुद्धा बोटांनी वाचायची ब्रेल लिपी व हातकाम शिकविले जाई. सकाळी धडा आणि मग काम, असे दोन्ही चाले. नुसते काम किंवा नुसते पुस्तक असे कोणालाच नव्हते.

मागाचे नाव निघाल्यावर आम्हां इचलकरंजीच्या बायकांचे कान टवकारणारच. १९०४ त विठ्ठलराव दातारांनी आपल्या गावात पहिला यंत्रमाग आणला, त्या वेळी केडगावात ह्या दुष्काळातून वाचलेल्या मुली हातमागावर बसत होत्या. कांड्या भरणे, तुटलेला धागा सांधणे, मेंडिंग करणे हे आपल्यातल्या अनेकींनी केले आहे. एक बारीक धागा पकडायला नजर आणि बोट किती दिवस शिकवावे लागते, ते आपल्याला माहीत आहे. ज्या मुलीच्या हाताला भीक मागण्याखेरीज काही ठाऊक नव्हते तिला ते शिकवायचे, म्हणजे किती धीर हवा.

२०२० च्या टाळेबंदीत गावातले माग थांबले, तेव्हा रात्री त्या शांततेनेच मला झोप येत नसे. आमच्याही घरात पैसा येईनासा झाला. लग्न झाल्यावर सासूबाईंनी मला वाकळ शिवायला बसविले होते, तेव्हा मी मनातून चरफडले होते. त्या टाळेबंदीत आणि नंतरच्या सहा महिन्यांत मी एकोणीस वाकळा शिवून दिल्या. फार पैसे मिळाले असे नाही, पण दूध आणि तेल-मीठ त्यावर निघाले. म्हणून शिवणाच्या वर्गाला कोणी हसले की मला लागते.

पण दुसऱ्या बाजूच्या भगिनींसाठीही रमाबाईंकडे काही आहे. त्यांनी केडगावात छापखाना घातला. मुली खिळे जुळवीत, यंत्र चालवीत, पुस्तके बांधीत. त्या काळी बायकांसाठी छापखाना ही नवी विद्या होती, आजच्या संगणकासारखीच म्हणा ना. घाणा आणि छापखाना एकाच आवारात, आणि दोन्हीकडे बायकाच. श्रावणात मला हे आठवले असते तर मी सभेत उठून सांगितले असते.

ह्याच छापखान्यासाठी रमाबाई उतारवयात बायबलाचे मराठी भाषांतर करीत होत्या. कमी शिकलेल्या बाईला कळावे अशी सोपी भाषा त्यांना हवी होती, म्हणून मूळ हिब्रू व ग्रीक भाषा त्या शिकल्या. हे काम पंधरा वर्षांहून अधिक चालले. १९१९ त सरकारने त्यांना कैसर-इ-हिंद पदक दिले. १९२१ त मनोरमाबाई गेल्या. कामात त्यांचाच आधार होता, आणि सदनाचा भार आपल्यामागे त्याच उचलतील अशी आईची आशा होती. मुलीला पोचवून रमाबाई पुन्हा मुद्रिते तपासायला बसल्या. शेवटची तपासून होतात न होतात तोच, ५ एप्रिल १९२२ रोजी, त्यांचे केडगावासच देहावसान झाले.

मुक्ती मिशन आजही चालू आहे. पुण्याहून दौंडकडे जाताना केडगाव स्टेशन लागते. मंडळाच्या सहलीसाठी दर वर्षी तीच तीच ठिकाणे निघतात. ह्या वर्षी केडगावचा विचार व्हावा, आणि यादीत माझे नाव आधी लिहावे.