रोगजंतूंना पोसणारा शास्त्रज्ञ

शरीरात शिरलेला रोगजंतू आपली शिदोरी बरोबर आणीत नाही. ज्याच्या घरी उतरतो, त्याच्याच कोठारावर तो हात मारतो. हिवतापाचा परजीवी रक्तपेशीत बसून रक्तातील साखर ओढून घेतो. निरोगी पेशीच्या कित्येक पट साखर तेथे खर्ची पडते. जंतूंच्या अशा भुकेचा उपयोग त्यांच्याच पारिपत्यासाठी करून घेणाऱ्या एका शास्त्रज्ञाचा बडोद्याशी निकटचा संबंध आला होता, हे आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असेल.

वाल्डेमार हाफकिन यांचा जन्म १८६० साली ओदेसा येथे एका ज्यू कुटुंबात झाला. आरंभी ते एकपेशी प्राण्यांतील परजीवींचा अभ्यास करीत. पुढे पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी पटकीची लस सिद्ध केली व १८९२ साली प्रथम स्वतःसच टोचून घेतली. १८९६ मध्ये मुंबईत प्लेगने थैमान मांडले, तेव्हा ते ग्रँट मेडिकल कॉलेजात कामास लागले.

प्लेगचे जंतू शरीराबाहेर वाढवावयाचे, तर त्यांना अन्न हवे. हाफकिन यांनी पात्रात मांसरस भरला आणि वर थोडे तूप सोडले. तुपाच्या तरंगत्या थेंबांना धरून जंतू वाढत व झुंबरांसारखे खाली लोंबू लागत. पात्र हलविले की ती झुंबरे गळून तळाशी जात आणि वर नवी धरत. आपल्या स्वयंपाकघरातील तुपाला विज्ञानात असा मान क्वचितच लाभला असेल! असे पोसलेले जंतू उष्णतेने मारले की त्यांचीच लस होई. १० जानेवारी १८९७ रोजी तीही त्यांनी स्वतःस टोचून घेतली.

खरी कसोटी लागली ती १८९८ च्या फेब्रुवारीत, सयाजीराव महाराजांच्या राज्यातील, बडोद्यानजीकच्या उंडेरा गावी. गावात प्लेग शिरलेलाच होता. हाफकिन यांनी प्रत्येक कुटुंबातील सुमारे निम्म्या माणसांस लस टोचली, उरलेल्यांस नाही. घर तेच, हवा तीच, अन्नही तेच. फरक काय तो लशीचा. सुमारे सहा आठवड्यांनी हिशेब झाला. प्लेग आलेल्या २८ कुटुंबांत लस घेतलेल्या ७१ जणांपैकी ८ आजारी पडले व ३ दगावले. न घेतलेल्या ६४ जणांपैकी २७ आजारी पडले आणि त्यांतील २६ गेले. शास्त्राला पुरावा मिळाला. परंतु ते २६ जणही त्याच घरांतले होते, हे विसरून हा आकडा वाचता येत नाही.

१९०२ साली पंजाबात मुल्कोवाल येथे एकाच बाटलीतील लस घेतलेले १९ जण धनुर्वाताने मृत्यू पावले आणि सारा दोष हाफकिन यांच्या माथी आला. त्यांचे पद गेले. निर्दोषत्व मान्य होण्यास १९०७ साल उजाडले. त्यानंतर ते पुन्हा भारतात आले व १९१५ पर्यंत येथे राहिले. परळ येथील त्यांच्या प्रयोगशाळेस १९२५ मध्ये हाफकिन इन्स्टिट्यूट असे नाव देण्यात आले. १९३० साली स्वित्झर्लंडमधील लोझान येथे ते निवर्तले.