पाण्यातला मासा दाखवणारी काच

बोस्टनमधल्या एका हॉटेलची खोली. खिडकीतून कडक ऊन आत आलेले आणि त्या उन्हात, खिडकीच्या कठड्यावर, सोनेरी माशांचे काचेचे भांडे ठेवलेले. चष्म्याच्या काचा तयार करणाऱ्या अमेरिकन ऑप्टिकल या कंपनीचे अधिकारी आत आले, तेव्हा खोलीतल्या तरुणाने त्यांना भांड्यातले मासे दिसतात का, असे विचारले. भांड्यावरून परतणाऱ्या चकाकीमुळे त्यांना काहीच दिसेना. तरुणाने प्रत्येकाच्या हातात धुरकट रंगाचा एक पातळ चौकोनी तुकडा दिला आणि त्यातून पाहायला सांगितले. चकाकी नाहीशी झाली आणि मासे स्वच्छ दिसू लागले. गॉगलसाठी ही नवी काच वापरण्याचा करार १९३५ मध्ये झाला. त्या तरुणाचे नाव एडविन लँड.

आज गळ टाकून मासेमारी करणारे जगभरातले लोक जो ‘पोलराइज्ड’ गॉगल वापरतात, त्याची सुरुवात ही अशी झाली. गंमत म्हणजे लँड यांना मासेमारांसाठी काहीच बनवायचे नव्हते. रात्रीच्या रस्त्यावरचे अपघात थांबवायचे, हे त्यांचे स्वप्न होते.

एडविनचा जन्म ७ मे १९०९ रोजी अमेरिकेतल्या कनेटिकट राज्यात, ब्रिजपोर्ट या गावी झाला. वडिलांचा भंगार धातूचा व्यवसाय होता. वयाच्या तेराव्या वर्षाच्या सुमारास तो उन्हाळी शिबिराला गेला. तिथल्या प्रमुखाने मुलांना एक प्रयोग दाखवला. टेबलाच्या पृष्ठभागावरची चकाकी एका खास स्फटिकातून पाहिल्यावर नाहीशी झाली आणि खालच्या लाकडाच्या रेषा दिसू लागल्या. ते दृश्य त्या मुलाच्या डोक्यातून पुढे कधीच गेले नाही.

या जादूमागचे विज्ञान तसे सोपे आहे. प्रकाशाच्या लहरी पुढे जाताना आपल्या मार्गाला काटकोनात कंप पावतात. सूर्यप्रकाशात हे कंपन उभे, आडवे, तिरपे अशा सर्व दिशांनी असते. पाण्यासारख्या सपाट पृष्ठभागावरून परतणाऱ्या प्रकाशात मात्र आडवे कंपन जास्त उरते. अशा एका दिशेच्या प्रकाशाला ध्रुवित प्रकाश म्हणतात. उभे कंपन तेवढे जाऊ देणारा आणि आडवे अडवणारा पडदा डोळ्यांपुढे धरला, की चकाकी गळून पडते. पाण्याच्या आतून येणाऱ्या प्रकाशाचा बराचसा भाग मात्र डोळ्यांपर्यंत पोहोचतो.

त्या काळी हे काम निकोल प्रिझम करत असे. कॅल्साइटच्या स्फटिकापासून बनवलेला हा प्रिझम महाग आणि आकाराने लहान. १९२१ मध्ये ‘नारकुंडा’ जहाजातून मायदेशी परतताना सी. व्ही. रामन यांनी हाच प्रिझम डोळ्यांसमोर धरून समुद्रावरचे आकाशाचे प्रतिबिंब बाजूला सारले होते. तरीही पाणी निळेच दिसले. समुद्राचा निळेपणा निव्वळ आकाशाचे प्रतिबिंब नाही, तर पाण्याचे रेणूही प्रकाश विखुरतात, हे त्यांनी त्यावरून दाखवले. पण असा प्रिझम प्रयोगशाळेत शोभणारा, मोटारीच्या दिव्यावर बसवता येण्याजोगा नव्हे.

लँड १९२६ मध्ये हार्वर्ड विद्यापीठात दाखल झाले आणि काही महिन्यांतच ते सोडून न्यूयॉर्कला आले. समोरून येणाऱ्या मोटारींच्या दिव्यांनी चालकाचे डोळे दिपतात, त्यावर त्यांना उपाय हवा होता. प्रत्येक गाडीच्या दिव्यांवर आणि समोरच्या काचेवर ध्रुवक पडदा एकाच तिरप्या दिशेने बसवला, तर स्वतःच्या दिव्यांचा उजेड चालकाला दिसेल. समोरच्याचे दिवे मात्र मंद होतील, अशी ती कल्पना होती. त्यासाठी मोठ्या आकाराचा आणि स्वस्त ध्रुवक हवा होता. दिवसा सार्वजनिक ग्रंथालयात वाचन आणि रात्री कोलंबिया विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत गुपचूप शिरून प्रयोग, असा त्यांचा क्रम सुरू झाला.

वाचता वाचता त्यांना विल्यम हेरापाथ हे नाव सापडले. इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या या डॉक्टरने १८५२ मध्ये एक विचित्र नोंद केली होती. हिवतापावरचे क्विनाइन दिलेल्या कुत्र्याच्या मूत्रात आयोडीन पडले आणि त्यात बारीक हिरवे स्फटिक तयार झाले. सूक्ष्मदर्शकाखाली दोन स्फटिक एकमेकांवर आले, की तो भाग कुठे उजळ तर कुठे काळा दिसे. म्हणजे ते ध्रुवक होते. हेरापाथ यांनी मोठा स्फटिक वाढवण्याचा खूप प्रयत्न केला, पण ते स्फटिक फार नाजूक निघाले.

लँड यांनी प्रश्नच उलटा केला. एक मोठा स्फटिक हवाच कशाला? अब्जावधी अतिसूक्ष्म स्फटिक घ्यायचे, चिकट द्रवात मिसळायचे आणि सगळ्यांची तोंडे एकाच दिशेला वळवायची. त्यांनी स्फटिक बारीक दळले, ते चुंबकीय क्षेत्रात एका रांगेत आणून दाखवले आणि पुढे असे स्फटिक भरलेला पातळ पडदा बनवला. १९२९ मध्ये त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला, तेव्हा वय होते एकोणीस. ते हार्वर्डला परतले, पण पदवी न घेताच पुन्हा बाहेर पडले. १९३२ मध्ये भौतिकशास्त्राचे अध्यापक जॉर्ज व्हीलराइट यांच्यासह त्यांनी प्रयोगशाळा थाटली. १९३७ मध्ये पोलरॉइड कंपनी उभी राहिली. १९३८ मध्ये त्यांनी स्फटिकही बाजूला ठेवले. पॉलिव्हिनाइल अल्कोहोलचा पडदा ताणून त्याचे लांब रेणू एका रांगेत आणायचे आणि त्यांना आयोडीन पाजायचे, ही नवी पद्धत होती. चष्म्यांत आणि मोबाइल, संगणकाच्या पडद्यांत तिचा वापर आजही होतो.

मोटारींच्या दिव्यांचे स्वप्न मात्र अपुरेच राहिले. पडदा बराच उजेड गिळत असे, त्यामुळे दिवे अधिक प्रखर करावे लागले असते. रस्त्यावरच्या सगळ्या गाड्यांवर पडदे बसल्याशिवाय पुरता फायदाही नव्हता. पहिल्या खरेदीदाराने पैसे मोजायचे आणि लाभ दुसऱ्याला, हे गणित मोटार कंपन्यांना पटले नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर हा विषय मागे पडला.

लँड थांबले नाहीत. १९४३ मध्ये सुटीत काढलेला फोटो लगेच का दिसत नाही, असा हट्ट त्यांच्या तीन वर्षांच्या मुलीने धरला. त्यातून झटपट छायाचित्र देणारा कॅमेरा जन्मला आणि १९४८ मध्ये बाजारात आला. त्यांच्या नावावर पाचशेहून अधिक पेटंट जमा झाली. पदवी न घेतलेल्या या माणसाला हार्वर्डने १९५७ मध्ये मानद डॉक्टरेट दिली. झटपट चलच्चित्राचा त्यांचा प्रकल्प मात्र मोठ्या तोट्यात गेला आणि १९८२ मध्ये त्यांनी स्वतः उभारलेली कंपनी सोडली. १ मार्च १९९१ रोजी त्यांचे निधन झाले.

त्यांच्या काचेचा गॉगल निवडताना काही गोष्टी ध्यानात ठेवायला हव्यात. ध्रुवीकरण आणि अतिनील किरणांपासून संरक्षण हे दोन वेगळे गुण आहेत. पाण्यावर ऊन वरून पडते आणि खालूनही परतते. वर्षानुवर्षांच्या अशा उन्हाचा संबंध मोतीबिंदूशी आणि डोळ्याच्या पांढऱ्या भागावरून बुबुळाकडे सरकणाऱ्या मांसल वाढीशी आहे. म्हणून ‘यूव्ही ४००’ हा उल्लेख पाहूनच चष्मा घ्यावा. काच नुसती गडद असून चालत नाही. गडद काचेमागे बाहुली अधिक उघडते आणि संरक्षण नसेल तर उलट अपायच होतो. कडेने ऊन येऊ न देणारी, चेहऱ्याला लपेटणारी फ्रेम बरी.

खोल समुद्रावर करड्या रंगाची काच चालते. उथळ नदी-ओढ्यात तांबूस किंवा तपकिरी काचेतून तळ अधिक उठावदार दिसतो. काच खरी आहे का, हे दुकानातच तपासता येते. दोन पोलराइज्ड काचा एकमेकींवर ठेवून एक काटकोनात फिरवली, तर आरपार जवळजवळ काळोख व्हायला हवा.

या काचेलाही मर्यादा आहेत. पाण्याकडे तिरपे, म्हणजे पृष्ठभागाशी सुमारे ३७ अंशांच्या कोनात पाहिले, तर चकाकी सर्वात जास्त कमी होते. सरळ खाली पाहिल्यास फारसा फरक पडत नाही. मासा दिसतो त्यापेक्षा खरे तर थोडा खोल असतो, तो फसवा भास ही काच दूर करत नाही. आणि रात्री गाडी चालवताना हा गॉगल घालू नये. समोरच्या दिव्यांबरोबर अंधारातला माणूसही तो मंद करतो. रात्रीच्या रस्त्यासाठी लँड यांनी योजलेला उपाय दोन्ही गाड्यांवर बसवायचा होता, एका माणसाच्या नाकावर नव्हे.