ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल
सर ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल (८ जुलै, १८९७ - १८ एप्रिल, १९९१) हे इंग्रज साथरोगशास्त्रज्ञ आणि वैद्यकीय संख्याशास्त्रज्ञ होते. डॉक्टर व आरोग्यक्षेत्रातील विद्यार्थ्यांना सांख्यिकीय परीक्षण सुबोधपणे शिकविणारे अध्यापक म्हणून ते ओळखले जातात.

जीवन

हिल यांचा जन्म लंडन येथे झाला. त्यांचे वडील लेनर्ड हिल हे शरीरक्रियाशास्त्रज्ञ होते. वडिलांप्रमाणे वैद्यकशास्त्र शिकण्याचा त्यांचा मानस होता. परंतु पहिल्या महायुद्धात नौदलाच्या हवाई सेवेत वैमानिक असताना त्यांना क्षयरोग झाला आणि तो बेत सोडावा लागला. दीर्घ आजारपणात त्यांनी पत्राद्वारे अभ्यास करून १९२२ मध्ये लंडन विद्यापीठाची अर्थशास्त्राची पदवी मिळविली. पुढे त्यांनी कार्ल पिअर्सन यांच्या व्याख्यानांतून संख्याशास्त्राचे शिक्षण घेतले.

अध्यापन

१९३३ पासून हिल लंडन स्कूल ऑफ हायजीन अँड ट्रॉपिकल मेडिसिन या संस्थेत अध्यापन करीत होते. १९३७ मध्ये 'द लॅन्सेट' या नियतकालिकातील त्यांची लेखमाला 'प्रिन्सिपल्स ऑफ मेडिकल स्टॅटिस्टिक्स' या नावाने ग्रंथरूपात प्रसिद्ध झाली. दोन गटांत दिसणारा फरक केवळ योगायोगाने पडू शकेल काय, हा परिकल्पना-परीक्षणाचा मूळ प्रश्न त्यांनी गणिताचा बडेजाव न करता रुग्णांच्या उदाहरणांतून मांडला. डॉक्टर बिचकतील या विचाराने त्यांनी आरंभी यादृच्छिकीकरण ही संज्ञाही जाणीवपूर्वक टाळली.

संशोधन

क्षयरोगावरील स्ट्रेप्टोमायसिन या औषधाच्या चाचणीचे सांख्यिकीय नियोजन हिल यांनी केले. औषधाचा साठा अपुरा असल्याने सर्व रुग्णांना ते देणे शक्य नव्हते. यादृच्छिक अंकांच्या आधारे तयार केलेल्या बंद लिफाफ्यांतून रुग्णांचे गट ठरविण्यात आले. सहा महिन्यांत औषध घेणाऱ्या ५५ रुग्णांपैकी ४, तर केवळ विश्रांती घेणाऱ्या ५२ रुग्णांपैकी १४ दगावले. हे निष्कर्ष १९४८ मध्ये प्रसिद्ध झाले.

१९५० मध्ये हिल व रिचर्ड डॉल यांनी फुप्फुसाच्या कर्करोगाचे ७०९ रुग्ण आणि तितक्याच अन्य रुग्णांची तुलना केली. कर्करोग झालेल्या ६४९ पुरुषांत धूम्रपान न करणारे केवळ २ होते. तुलनेच्या गटात अशांची संख्या २७ होती. १९५१ मध्ये त्यांनी ब्रिटिश डॉक्टरांचा दीर्घकालीन अभ्यास सुरू केला.

सार्थकता कसोट्यांविषयी भूमिका

१९६५ मधील प्रसिद्ध व्याख्यानात हिल यांनी कार्यकारणसंबंध पारखण्यासाठी संबंधाची तीव्रता, सातत्य, कालक्रम इत्यादी नऊ मुद्दे मांडले. त्यांतील कालक्रमाचा अर्थ कारण परिणामाच्या आधी घडले पाहिजे, असा आहे. सार्थकता कसोटी योगायोगाचा वाटा किती असू शकेल याची जाणीव करून देते. मात्र कार्यकारणाचा पुरावा ती देत नाही, असे त्यांचे मत होते. सदोष पद्धतीने निवडलेल्या गटांतील दोष कसोटीने दूर होत नाही आणि सार्थक ठरलेला फरक व्यवहारात नगण्य असू शकतो, याकडे त्यांनी लक्ष वेधले. एकेकाळी डॉक्टरांना या कसोट्यांचे महत्त्व पटवून देणाऱ्या हिल यांना आता त्यांचा अतिरेक होत असल्याची चिंता वाटत होती.

सन्मान

हिल १९५४ मध्ये रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. १९६१ मध्ये त्यांना 'सर' हा किताब मिळाला.