यंत्राला शब्द शिकवणाऱ्या ग्रेस हॉपर

भंडाऱ्याहून साकोलीकडे जाताना वैनगंगा ओलांडली, की कारधा हे गाव लागते. येथे नदीच्या पाण्याची पातळी मोजतात. पावसाळ्यात काठावरच्या लोकांचे लक्ष या आकड्याकडे असते. 2020 च्या ऑगस्टअखेर वैनगंगेला केवढा पूर आला होता, हे तुम्ही घरच्यांकडून ऐकले असेल. आता पाण्याच्या पातळीची बातमी मोबाईलवर मराठीत वाचता येते. पण गंमत अशी, की मोबाईलच्या आतल्या संगणकाला मराठी येत नाही, उर्दू येत नाही आणि इंग्रजीही येत नाही. त्याला शून्य आणि एक हे दोनच अंक कळतात. मग माणसाचे शब्द आणि यंत्राचे अंक यांच्यामध्ये पूल कोणी बांधला? हे काम अनेकांनी केले. त्यांत सुरुवातीलाच एका गणिताच्या प्राध्यापिकेचे नाव घ्यावे लागते. त्या म्हणजे ग्रेस हॉपर.

ग्रेसचा जन्म 9 डिसेंबर 1906 रोजी अमेरिकेतील न्यूयॉर्क शहरात झाला. लहानपणी तिला गजराचे घड्याळ आतून कसे चालते, हे पाहायचे होते. तिने एक घड्याळ उघडले. ते पुन्हा जोडता येईना, म्हणून दुसरे उघडले. असे करता करता घरातली सात घड्याळे उघडून झाली! आईने तिला फार रागावले नाही. यापुढे एकच घड्याळ उघडायचे, एवढे मात्र बजावले.

पुढे ग्रेस महाविद्यालयात शिकवू लागल्या आणि 1934 साली त्यांनी येल विद्यापीठातून गणितात डॉक्टरेट मिळवली. दुसरे महायुद्ध सुरू झाल्यावर त्यांनी नौदलात जायचे ठरवले. वय जास्त आणि वजन कमी, म्हणून आधी नकार मिळाला. त्यांनी प्रयत्न सोडला नाही. 1944 साली नौदलाने त्यांना हार्वर्ड विद्यापीठातील ‘मार्क वन’ या यंत्रावर नेमले. तुमच्या वर्गातही मावणार नाही, असे ते सुमारे 51 फूट लांबीचे अजस्र यंत्र होते. कागदी पट्टीवर भोके पाडून त्याला आज्ञा द्याव्या लागत.

यंत्राला क्रमाने दिलेल्या आज्ञांना आज्ञावली म्हणतात. तेव्हा आज्ञावली लिहिणे फार जिकिरीचे होते. जुन्या कामातील आज्ञा नव्या कामासाठी वहीतून उतरवून घ्याव्या लागत. उतरवताना एक अंक चुकला, तरी सगळे गणित चुके. ग्रेस यांच्या मनात विचार आला, की उतरवण्याचे काम यंत्रानेच का करू नये? 1952 साली त्यांनी तशी आज्ञावली तयार केली. नेहमी लागणाऱ्या आज्ञांचे संच तिच्यात साठवलेले होते. खूण सांगितली, की यंत्र स्वतःच योग्य संच शोधून जोडत असे. अशा साधनाला कंपायलर हे नाव मिळाले. संगणक फक्त आकडेमोड करतो, तो आज्ञावली कशी लिहील, असे म्हणून बरेच दिवस कोणी त्याकडे पाहिलेसुद्धा नाही.

ग्रेस यांचे त्यावर समाधान झाले नाही. दुकानाचा हिशेब ठेवणाऱ्या माणसाने संगणक वापरण्यासाठी गणितज्ञ का व्हावे? त्याने आपल्या रोजच्या शब्दांत आज्ञा द्यावी आणि यंत्राने ती अंकांत बदलून घ्यावी, असे त्यांना वाटे. इंग्रजी शब्दांत आज्ञा घेणारी आज्ञावली त्यांनी कंपनीच्या अधिकाऱ्यांना दाखवली. मग तेच काम फ्रेंच आणि जर्मन शब्दांतही करून दाखवले. यंत्राला सगळ्या भाषा सारख्याच, हे त्यांना सांगायचे होते. अधिकारी मात्र दचकले. अमेरिकेत बनलेल्या यंत्राला परकी भाषा कशी समजेल? शेवटी फक्त इंग्रजीच वापरू, असे ग्रेस यांना कबूल करावे लागले. उर्दू आणि मराठी दोन्ही शिकणाऱ्या तुम्हांला त्या अधिकाऱ्यांचे हसू आले, तर नवल नाही.

याच विचारातून ‘फ्लोमॅटिक’ ही संगणकाची भाषा झाली. तिचा आधार घेऊन 1959 पासून एका समितीने ‘कोबॉल’ ही भाषा तयार केली. ग्रेस त्या समितीच्या सल्लागार होत्या. बँकांचे पुष्कळ व्यवहार आजही कोबॉलवर चालतात.

नेहमी असेच करत आलो, हे कारण त्यांना मुळीच पटत नसे. त्यांच्या कचेरीत उलटे फिरणाऱ्या काट्यांचे एक घड्याळ होते. वेळ मात्र ते बरोबर दाखवी. तुमचे उर्दूचे पुस्तक उजवीकडून उघडते आणि हे मराठीचे डावीकडून, तसेच ते! व्याख्यानाला जाताना त्या तारेचे सुमारे 30 सेंटीमीटरचे तुकडे नेत आणि श्रोत्यांना वाटत. एका सेकंदाच्या शंभर कोटीव्या भागात वीज जास्तीत जास्त एवढेच अंतर जाऊ शकते, हे त्या तुकड्यावरून समजावत.

1966 अखेर नौदलाने त्यांना निवृत्त केले. पण 1967 साली सहा महिन्यांसाठी परत बोलावले. ते सहा महिने लांबतच गेले. 1986 साली, वयाच्या 79 व्या वर्षी, त्या रिअर ॲडमिरल या हुद्द्यावरून निवृत्त झाल्या आणि लगेच एका संगणक कंपनीत कामाला लागल्या. 1 जानेवारी 1992 रोजी त्यांचे निधन झाले. पुढे अमेरिकेच्या नौदलाने एका युद्धनौकेला ‘हॉपर’ हे नाव दिले.