सीतापूरचे बिऱ्हाड

वाचकहो, डॉ. ई. स्टॅन्ली जोन्स हे नाव आपल्याला नवे नाही. जुन्या ख्रिस्ती घरांतील पुस्तकांच्या कपाटात त्यांचे एखादे पुस्तक हमखास सापडते. सातताल आश्रमाचे संस्थापक, महात्मा गांधींचे स्नेही, बिशपपद नाकारणारे सुवार्तिक अशी त्यांची ओळख आपण लहानपणापासून ऐकत आलो. परंतु वर्षातले कित्येक महिने प्रवासात काढणाऱ्या या माणसाचे घर कोठे होते, असे कोणी विचारले तर आपल्यापैकी बहुतेकांना क्षणभर थांबावे लागेल. ते घर न्यू यॉर्कला नव्हते, मुंबई-कलकत्त्याला नव्हते, लखनौलाही नव्हते. ते सीतापूर नावाच्या एका लहान जिल्ह्याच्या गावी होते. त्या घराची हकीकत त्यांच्या चरित्रात सहसा दोन ओळींत उरकली जाते. आज ती जरा सविस्तर पाहू.

जोन्स यांचा जन्म ३ जानेवारी १८८४ रोजी अमेरिकेतील मेरीलँड राज्यात झाला. केंटकीतील ॲस्बरी कॉलेजात शिक्षण घेऊन १९०७ साली, वयाच्या तेविसाव्या वर्षी, ते मेथॉडिस्ट मिशनरी म्हणून भारतात आले. नेमणूक मिळाली ती लखनौस, लालबागेतील इंग्रजी भाषिक मंडळीचे पाळक म्हणून.

त्या वेळचे लखनौ म्हणजे एकमेकांना पाठ करून बसलेली दोन शहरे होती. एक चौक-अमीनाबादचे जुने, नबाबी लखनौ. दुसरे छावणीचे. १८५७ पूर्वी ही छावणी गोमतीच्या उत्तरेस मडियाव येथे होती. उठावानंतर इंग्रजांनी ती शहराच्या आग्नेयेस, दिलखुशाच्या बाजूला नव्याने वसवली. सरळ रुंद रस्ते, झाडांच्या रांगा, ऐसपैस आवारांचे बंगले, परेडचे मैदान आणि शिपायांसाठी चर्च, असा तो सगळा थाट होता. इंग्रजी बोलणारे, इंग्रजी पद्धतीने राहणारे आणि इंग्रजीत उपासना करणारे जग छावणीत व तिच्या आसपासच्या सिव्हिल लाइन्समध्ये नांदत होते. त्या जगात एका तरुण, उत्तम वक्त्या अमेरिकन पाळकाला काही कमी पडण्याचे कारण नव्हते. आयुष्यभर तेथेच राहून, चांगला पाळक म्हणून नाव मिळवून, निवृत्त होऊन मायदेशी जाता आले असते. असे पुष्कळ जण गेले, आणि त्यांना नावे ठेवण्याचेही कारण नाही. जोन्स मात्र उर्दू-हिंदी शिकण्यास बसले.

याच लालबागेत इझाबेला थोबर्न कॉलेज होते. मिस थोबर्न यांनी १८७० साली अमीनाबादच्या बाजारात सहा मुलींना घेऊन जी शाळा उघडली, तिचेच हे कॉलेज झाले. तेथे मेबल लॉसिंग नावाच्या एक अध्यापिका होत्या. त्यांचा जन्म १८७८ चा, म्हणजे जोन्स यांच्याहून त्या सहा वर्षांनी मोठ्या. भारतातही त्या तीन वर्षे आधी, १९०४ साली आल्या होत्या. शिक्षणशास्त्राची त्यांना उत्तम जाण होती. १९११ साली दोघांचा विवाह झाला आणि नवे जोडपे सीतापूरला राहावयास गेले.

येथे एक गोष्ट स्पष्ट करावयास हवी. मेथॉडिस्ट पद्धतीत पाळकाने कोठे जावे हे बिशप ठरवतो. तेव्हा जोन्स दांपत्याने नकाशा पुढे ठेवून सीतापूरवर बोट ठेवले, असे कोणी समजू नये. पण नेमणूक होणे वेगळे आणि नेमलेल्या गावी बिऱ्हाड थाटून, मूल वाढवून, तीन दशकांहून अधिक काळ तेथे मुळे धरणे वेगळे. हे दुसरे कोणी कोणाला हुकमाने करावयास लावू शकत नाही. त्यात निवड असतेच, आणि ती एकदा करून भागत नाही, पुनःपुन्हा करावी लागते.

सीतापूर लखनौच्या वायव्येस सुमारे ५२ मैलांवर, सरायन नदीच्या काठी आहे. १९०१ च्या खानेसुमारीत लखनौची वस्ती सुमारे २ लाख ६४ हजार होती, तर सीतापूरची जेमतेम २२ हजार. लखनौहून बरेलीकडे जाणारी छोटी रेल्वे तेथून जात असे. आपल्या मराठी वाचकांना हा जिल्हा वेगळ्या नावाने ठाऊक आहे. पोथ्यापुराणांच्या आरंभी जे नैमिषारण्य येते, ते याच जिल्ह्यात. अशा प्राचीन तीर्थाच्या मुलखात, ऊस आणि गव्हाच्या शेतांमध्ये, उन्हाळ्यात लू वाहणाऱ्या गावात हे दोघे येऊन राहिले. आजूबाजूच्या खेड्यांतील ख्रिस्ती बहुतेक समाजाच्या तळच्या जातींतून आलेले, अत्यंत गरीब, निरक्षर होते. छावणीतल्या मंडळीशी त्यांचे काही साम्य असेल तर एवढेच, की दोघांचा प्रभू एक होता.

मेबल बाईंनी तेथे मुलग्यांची शाळा व वसतिगृह हाती घेतले. त्या काळी उत्तर हिंदुस्थानात मुलग्यांना पुरुष पंतोजीच शिकवीत, आणि शिकवण्यात छडीचा भाग मोठा असे. लहान मुलग्यांना स्त्रिया अधिक चांगल्या शिकवतील, असे मेबल बाईंचे मत होते. त्यांनी आपल्या शाळेत शिक्षिका नेमल्या. आज हे वाचून आपल्याला नवल वाटणार नाही, कारण आपली मुले बालवाडीपासून बाईंच्याच हाताखाली शिकतात. त्या काळच्या सीतापुरात मात्र ही गोष्ट लोकांना पटवावी लागली. शाळेचा खर्च भागवण्यासाठी त्या अमेरिकेतील देणगीदारांना स्वतः पत्रे लिहीत. एकेका मुलाचे शिक्षण एकेका दात्याने उचलावे, अशी ही खटपट वर्षानुवर्षे चालली. गांधीजींशीही त्यांचा शिक्षणाच्या प्रश्नांवर पत्रव्यवहार होता. इकडे नवऱ्याचे नाव जगभर होत असताना या बाई हिशेबाच्या वह्या, मुलांची दुखणी आणि स्वयंपाकघरातील धान्य यांत गढलेल्या असत. चरित्रकार ज्यांना मोठी माणसे म्हणतात त्यांची घरे अशाच कोणाच्या तरी कष्टांवर उभी असतात.

जोन्स यांच्याकडे जिल्ह्यामागून जिल्हे सोपवले गेले. खेड्यापाड्यांतील मंडळ्यांची देखरेख, शाळा, तंटेबखेडे, शिवाय प्रवचने. पण त्यांच्या पुढील आयुष्याला वळण लागले ते या खेडोपाडीच्या फिरतीत नव्हे. जिथे ते नेमलेले होते तेथील भारतीयांच्या क्लबात ते संध्याकाळी टेनिस खेळत, आणि दिवेलागणीनंतर हिंदू-मुसलमान अधिकाऱ्यांशी धर्माविषयी बोलत बसत. तेथे एका हिंदू अधिकाऱ्याने त्यांना विचारले, की तुम्ही मिशनरी केवळ खालच्या जातींकडेच का जाता, आमच्याकडे का येत नाही? तुम्हाला आमची गरज वाटत नसेल असे आम्ही समजलो, असे जोन्स उत्तरले. त्यावर, योग्य रीतीने आलात तर आम्हाला तुम्ही हवे आहात, असे तो गृहस्थ म्हणाला. हा संवाद छावणीच्या क्लबात घडणे जवळजवळ अशक्य होते; तेथे भारतीयाला प्रवेशच नसे. लहान गावात माणसे एकमेकांना चुकवू शकत नाहीत. मला वाटते, जोन्स यांना भारत भेटला तो अशा बैठकांत.

मात्र हे आयुष्य सुखाने चालले होते असे नाही. साडेआठ वर्षांच्या अखंड श्रमांनी जोन्स यांची मज्जासंस्था ढासळली. १९१६ साली विश्रांतीसाठी मायदेशी निघाले असता बोटीवरच्या रविवारच्या उपासनेत बोलता बोलता ते कोलमडले. वर्षभराने परतताना वाटेत मनिला येथे विद्यार्थ्यांच्या सभा घेतल्या, तेथे पुन्हा तेच. भारतात आल्यावर हवापालटासाठी डोंगरावर गेले, खाली उतरले, पुन्हा कोलमडले, पुन्हा डोंगरावर गेले. मिशनकार्य सोडून अमेरिकेत एखाद्या शेतावर जाऊन प्रकृती सुधारावी, असा विचार त्यांच्या मनात येऊ लागला. घरी पत्नी होती, १९१४ साली जन्मलेली युनिस ही त्यांची एकुलती एक चिमुरडी होती. अशा वेळी कोणत्या बापाला मुलखाकडे परतावेसे वाटणार नाही?

त्याच सुमारास लखनौस सभा चालू असताना, लालबागेतील त्याच चर्चमध्ये मागच्या बाजूस गुडघे टेकून ते प्रार्थना करीत होते. या कामासाठी तू तयार आहेस काय, असे प्रभू आपणास विचारीत आहे, अशी त्यांना जाणीव झाली. माझी शक्ती संपली, असे त्यांनी सांगितले. मग ती चिंता माझ्यावर सोड, असे उत्तर अंतःकरणात उमटले आणि त्यांनी ते मान्य केले. ते उठले ते निराळेच होऊन. त्यानंतर पन्नासहून अधिक वर्षे त्यांनी अव्याहत काम केले. ज्या चर्चमध्ये ते तरुण पाळक म्हणून आले होते तेथेच हे घडले, आणि तेथून ते सीतापूरच्या घराकडे परतले.

यापुढील भाग आपण जाणता, म्हणून लवकर सांगतो. सार्वजनिक सभागृहांत, अख्रिस्ती अध्यक्षांच्या अध्यक्षतेखाली त्यांची व्याख्याने होऊ लागली. १९२५ साली ‘द ख्राइस्ट ऑफ द इंडियन रोड’ हे पुस्तक निघाले आणि त्यांचे नाव सर्वत्र झाले. १९२८ साली अमेरिकेत भरलेल्या मेथॉडिस्ट महासभेने त्यांना बिशप निवडले. अभिषेकापूर्वीच त्यांनी ते पद परत केले. १९३० साली नैनितालजवळ सातताल आश्रम निघाला, १९३५ साली लखनौत दुसरा. सातताल आश्रमात झाडूवाल्यास आठवड्यातून एक दिवस सुट्टी असे आणि त्याचे काम त्या दिवशी आश्रमवासी, देशी-विदेशी सर्व, आपल्या हातांनी करीत.

पण वाचकहो, आपण घराविषयी बोलत होतो. ज्या वर्षांत हे सर्व घडत होते त्या वर्षांत सीतापूरच्या घरी जोन्स फार थोडे दिवस असत. चीन, जपान, दक्षिण अमेरिका, युरोप, अमेरिका असे दौरे चालत. युनिस वाढली ती आईच्या सहवासात, वसतिगृहातील मुलग्यांच्या गलक्यात. आणि तिचे शिक्षण? लहान गावी राहणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला हा प्रश्न पडतो. तालुक्याच्या ठिकाणी सेवा करणाऱ्या आपल्या कित्येक पाळक-शिक्षकांनी तो सोसला आहे. जोन्स कुटुंबालाही तो चुकला नाही. मुलीला डोंगरावर नैनितालच्या शाळेत ठेवावे लागले. इतरांच्या मुलांना आईच्या मायेने शिकवणाऱ्या बाईला स्वतःची मुलगी दूर पाठवावी लागली. सीतापूरने या कुटुंबाला पुष्कळ दिले, पण त्याची किंमत घेतली, आणि ती किंमत तिघांनी सारखी भरली असे म्हणता येत नाही. जोन्स यांच्याविषयी मनात कितीही आदर असला तरी हे लिहून ठेवले पाहिजे.

तरीही ते घर मोडले नाही. युनिस मोठी झाल्यावर वडिलांच्या लेखनकामात हात देऊ लागली. १९४० साली नैनिताल येथे तिचा विवाह जेम्स मॅथ्यूज या तरुण मिशनऱ्याशी झाला. मॅथ्यूज १९३८ साली भारतात आले होते आणि मुंबईच्या बोवेन मेमोरियल चर्चचे पाळक होते. आपल्या मुंबईकर वाचकांना हे चर्च ठाऊक असेलच. पुढे १९५६ साली भारतातील मेथॉडिस्ट मंडळीने मॅथ्यूज यांना बिशप निवडले, तेव्हा या देशात बिशप भारतीयच असावा म्हणून त्यांनी नकार दिला. सासऱ्याचे वळण जावयानेही गिरवले. (पुढे १९६० साली अमेरिकेत ते बिशप झाले, ही गोष्ट निराळी.)

दुसऱ्या महायुद्धाच्या वर्षांत जोन्स अमेरिकेत अडकले. स्वराज्याविषयीची त्यांची सहानुभूती इंग्रज सरकारला मानवत नव्हती. त्यांना परतण्याचा परवाना मिळाला नाही. मेबल बाई मात्र भारतातच होत्या. १९४६ साली, भारतात आल्यास चाळीसहून अधिक वर्षे झाल्यावर, त्या निवृत्त होऊन अमेरिकेस गेल्या. जोन्स पुढेही दर वर्षी काही महिने भारतात येत राहिले. १९५० साली त्यांनी लखनौच्या लालबागेत नूर मंझिल हे मनोरुग्णांसाठीचे केंद्र उघडले. मनाचा आजार हा शब्दही जेव्हा लोक कुजबुजत उच्चारीत, तेव्हा हे केंद्र निघाले. मज्जासंस्था कोलमडणे म्हणजे काय हे त्याच्या संस्थापकाने स्वतःच्या शरीराने जाणले होते.

डिसेंबर १९७१ मध्ये अमेरिकेत त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. वाचा अडखळू लागली, तरी ध्वनिफितीवर बोलून त्यांनी आपले अखेरचे पुस्तक सांगितले. ते युनिस व जेम्स यांनी सिद्ध करून १९७५ साली छापविले. आजारी अवस्थेतच त्यांनी भारतात येण्याचा हट्ट धरला, आणि आले. २५ जानेवारी १९७३ रोजी बरेली येथे त्यांचा अंत झाला. लखनौहून सीतापूरमार्गे जाणारी ती जुनी छोटी रेल्वे ज्या बरेलीला पोहोचत असे, तेच हे गाव. त्यांची कबर बाल्टिमोर येथे, बिशपांसाठी राखलेल्या जागेत आहे. मेबल बाई त्यांच्यामागे पाच वर्षे राहिल्या आणि १९७८ साली, शंभर वर्षांच्या होऊन, गेल्या. आईवडील दोघांचीही हकीकत सांगण्यास युनिस २०१६ पर्यंत होत्या.