शिर्डी ते दिल्ली विमानाचं अंतर कसं काढतात? भास्कराचार्यांच्या चरित्रातून समजून घेऊया

काकडीचा शिर्डी विमानतळ १ ऑक्टोबर २०१७ ला सुरू झाला. तिथून दिल्लीचं हवाई अंतर फोनवर पाहिलं तर साधारण १०२० किलोमीटर दिसतं. आकाशात मैलाचे दगड नाहीत, मग हा आकडा येतो कुठून? हे समजवायला मला आपल्याच भागातला माणूस सापडतो, तो म्हणजे भास्कराचार्य.

त्यांचा जन्म १११४ चा. वडील महेश्वर हेच त्यांचे गुरू. वयाच्या ३६व्या वर्षी, ११५० मध्ये, त्यांनी 'सिद्धांतशिरोमणी' लिहिला. लीलावती, बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय हे त्याचे चार भाग.

पृथ्वी गोल असूनही सपाट का दिसते? आपल्याला तिचा अगदी छोटा तुकडा दिसतो म्हणून, असं त्यांनी समजावलं. मग परीघ काढायची रीत दिली. दक्षिणोत्तर दोन गावं घ्या, त्यांच्या अक्षांशांतला फरक आणि मधलं अंतर मोजा, बाकी काम त्रैराशिकाचं. त्यांनी परीघ ४९६७ योजनं धरला. आज आपण ४०,००० किलोमीटर धरतो, म्हणजे एका अंशाला साधारण १११ किलोमीटर.

पूर्व-पश्चिम अंतर मात्र उत्तरेकडे जाताना आकसतं. त्यासाठी परीघ लंबज्येने, म्हणजे आजच्या भाषेत अक्षांशाच्या कोसाइनने, कमी करायचा हेही त्यांच्या ग्रंथात आहे.

आता आपलं गणित करू. शिर्डी-दिल्ली अक्षांशांत ८.९ अंशांचा फरक, म्हणजे सुमारे ९८५ किलोमीटर. रेखांशांत २.७ अंशांचा, आकसून सुमारे २७५ किलोमीटर. लीलावतीतला भुज-कोटी-कर्णाचा नियम लावला की झाले १०२० च्या आसपास! लांबच्या प्रवासाला हा सोपा कर्ण चालत नाही, तिथे गोलाचं पूर्ण त्रिकोणमिती सूत्र लागतं. अ‍ॅप तेच वापरतं.

ताशी ८०० किलोमीटरने हे अंतर सव्वा तासाचं. पण धावपट्टीपर्यंत जाणं, वर चढणं, उतरणं आणि मार्गातली वळणं यामुळे तिकिटावरचा वेळ जास्त असतो.

जीपीएस किंवा विमान भास्कराचार्यांनी शोधलं, असं मी म्हणणार नाही. तसले फॉरवर्ड पुढे पाठवू नका. त्यांचं खरं काम पुरेसं मोठं आहे. ११८३ च्या सुमारास, सत्तरीला टेकलेले असताना, त्यांनी ग्रहगणित सोपं करणारा 'करणकुतूहल' लिहिला. पुढे नातू चांगदेवाने त्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला. चाळीसगावजवळच्या पाटणचा शिलालेख तेच सांगतो. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला.

कुणीतरी शिकवत राहिलं, म्हणून ते गणित टिकलं. आता घरातल्या मुलांना नकाशा द्या आणि शिर्डी-हैदराबाद अंतर काढायला सांगा. उत्तर ५०० किलोमीटरच्या थोडं पुढे आलं, तर गणित जमलं!