कोकमाची नोंद ठेवणारा डॉक्टर, ज्याची हाडंही उकरून जाळली गेली

सध्या सोशल मीडियावर गोजी बेरीची हवा आहे. चीनमध्ये सूप, चहा आणि औषधात पिढ्यानपिढ्या वापरलेलं हे लाल फळ आपल्याकडे सुपरफूड म्हणून महाग विकलं जातं. पण वाकोल्याच्या किराणा दुकानातही मिळणाऱ्या आपल्या आमसुलाचं काय? त्या कोकमाची नोंद साडेचारशे वर्षांपूर्वीच छापील पुस्तकात झाली होती.

ती करणारा डॉक्टर म्हणजे गार्सिया द ओर्ता.

त्याचा जन्म पोर्तुगालमध्ये, 1501 च्या सुमारास. आईवडील स्पेनमधून आलेले ज्यू. 1497 मध्ये त्यांना सक्तीने ख्रिश्चन करण्यात आलं होतं. ओर्ता डॉक्टर झाला आणि 1534 मध्ये गोव्यात आला, तो कायमचाच.

अहमदनगरचा बुऱ्हाण निजामशहाही त्याच्याकडून उपचार घ्यायचा. पुढे पोर्तुगीजांनी ओर्ताला मुंबई बेट भाडेपट्ट्याने दिलं. म्हणजे आजच्या वाकोल्याच्या दक्षिणेला, माहीमच्या खाडीपलीकडचा भाग. तिथल्या आपल्या एका आंब्याला वर्षातून दोनदा फळं येतात, असं त्याने लिहून ठेवलंय.

त्या काळी युरोपात जुन्या ग्रीक ग्रंथातलं औषध म्हणजे अंतिम सत्य. ओर्ता मात्र इथल्या वैद्यांना, हकिमांना, व्यापाऱ्यांना विचारायचा आणि स्वतः पाहून खात्री करायचा.

त्यातून 1563 मध्ये गोव्यात त्याचं पुस्तक छापलं गेलं. त्यात दोन डॉक्टर गप्पा मारतात. एक खुद्द ओर्ता, दुसरा ग्रंथांवर विश्वास ठेवणारा काल्पनिक रुआनो. हरडा, बेहडा, आवळा, हळद, कॉलरा, सगळं त्यात आहे. कोकमाबद्दल तो सांगतो की फळ आंबट, आतून लालभडक आणि त्याच्या सालीचं व्हिनेगर करतात.

पण 1560 मध्ये गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय सुरू झालं होतं. ओर्ता 1568 मध्ये वारला. पुढच्याच वर्षी त्याची बहीण कातारिना हिला छुपा ज्यू धर्म पाळल्याच्या आरोपावरून जिवंत जाळलं. 1580 मध्ये ओर्ताची हाडंही उकरून जाळण्यात आली.

पुस्तक मात्र वाचलं. 1567 मध्येच त्याची संक्षिप्त लॅटिन आवृत्ती निघाली होती आणि युरोप भारतीय औषधं त्यातून शिकत राहिला.

कोकमाच्या 'गार्सिनिया' या शास्त्रीय नावात ओर्ता आहे असं अनेकांना वाटतं. ते नाव खरं तर लोरां गार्सें या दुसऱ्याच अभ्यासकाचं. ओर्ताचं नाव बघायचं असेल तर पणजीला जा. शहराच्या मधोमध त्याच्या नावाची बाग आहे.